पेढीच्या कडेला बसून: इंदूरच्या बाजारातले संशोधन

राजवाड्याभोवतीचा बाजार आपल्याला पाठ आहे, असे इंदूरच्या प्रत्येक मराठी घराला वाटते. खरेदीपुरता तो पाठ असतोही. लग्न ठरले की कापडासाठी क्लॉथ मार्केट, साड्यांसाठी सीतलामाता बाजार, भांड्यांसाठी बर्तन बाजार आणि दागिन्यांसाठी सराफा हा फेरा ठरलेला. शाळा सुरू झाल्या की खजुरी बाजार. पण गिऱ्हाईक म्हणून आपण जिथे उभे राहतो तिथून बाजाराचा फार थोडा भाग दिसतो. एक व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याला लाखांचा माल उधार देतो तो कशाच्या भरवशावर, हे तिथून कळत नाही. मी समाजशास्त्र शिकवते. बाजार आणि समाज यांच्या नात्यावर वर्गात बरीच वर्षे बोलले होते, आणि ज्या बाजाराबद्दल बोलायचे तो कॉलेजपासून रिक्षाने पोहोचण्याइतका जवळ होता. प्रश्न ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही: इंदूरच्या बाजारात साख, म्हणजे व्यापाऱ्याची पत, कशी तयार होते, कशी टिकते आणि कशी जाते?

बाजारात जाण्याआधी कागद वाचले. आपल्याकडे बाजाराची कुळकथा राजघराण्यापासून सुरू करायची सवय आहे. मला ती १८१८ पासून वाचावीशी वाटली. त्या वर्षी मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि जवळच इंग्रजांची रेसिडेन्सी बसली. पुढची कित्येक दशके इथल्या पेढ्यांचा मोठा पैसा अफूचा होता. मालव्यातली अफू मुंबईमार्गे चीनला जायची. १८३० च्या सुमारास कंपनी सरकारने तिच्यावर पास देऊन शुल्क घ्यायला सुरुवात केली. हा व्यापार लांबचा, जोखमीचा आणि सगळा उधारीवर चालणारा होता. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम, दलालाला दलाली, मुंबईच्या पेढीवर हुंडी, म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, अशी त्याची साखळी असे. १९१३ च्या सुमारास चीनची निर्यात थांबली तेव्हा भांडवल कापूस आणि गिरण्यांकडे वळू लागलेलेच होते. सर सेठ हुकुमचंद यांचे नाव देशभर झाले ते याच काळात, कापसाचे सौदे आणि गिरण्या या दोन्हींमुळे.

या वाचनात मला सर्वात जास्त बोलका वाटला तो रेल्वेचा व्यवहार. खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणण्यासाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. संस्थानिकाने ब्रिटिश सरकारला कर्ज द्यायचे, आणि तेही सावकाराला शोभेल अशा अटी घालून! व्यापाऱ्यांचा हिशोबी स्वभाव इथे दरबारापर्यंत पोहोचला होता, असे मला हे वाचताना वाटले.

तरीही दरबारातला मराठी माणूस आणि पेढीवरचा माणूस यांची वस्ती वेगळीच राहिली. आपले लोक फौजेत, कचेऱ्यांत, नंतर शाळा-कॉलेजांत आणि बँकांत गेले. व्यापार मारवाडी, माहेश्वरी, जैन, गुजराती, बोहरा आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या हाती राहिला. तेव्हा मी इंदुरात जन्मलेली असले तरी क्लॉथ मार्केटच्या पेढीवर मी परकीच होते. त्यात बाई, आणि त्यात प्रश्न विचारणारी.

पहिल्या टप्प्यात मी विद्यापीठाचे पत्र आणि छापील प्रश्नावली घेऊन फिरले. दारात उभे राहिल्यावर चहा मिळायचा, प्रश्नावलीही भरून मिळायची. उत्तरे सगळीकडे एकच: धंदा बरा आहे, उधारी फार नाही, सगळे भाऊबंदच आहेत. शेजारच्या दुकानाशी यांचे गेले वर्षभर बोलणे नाही, हे त्या उत्तरांतून कळणे शक्य नव्हते. प्रश्नावली वाईट असते असे मी म्हणत नाही. किती दुकाने, कोणत्या मालाची, किती पिढ्यांची, हे तिनेच मला दिले. पण साख मोजायला ती अपुरी होती, कारण कोणताही व्यापारी स्वतःच्या साखेबद्दल स्वतः बोलत नाही. तिच्याबद्दल दुसऱ्याने बोलायचे असते.

लोकमान्य नगरात आमच्या ओळखीचे एक मराठी काका राहतात. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर मुनीम म्हणून काढली. तिथे सगळे त्यांना मुनीमजी म्हणतात. माझे काम ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "ताई, तुम्ही कागद घेऊन जाताय म्हणून ते कागदासारखे बोलतात. माझ्याबरोबर चला, आणि काही विचारू नका." मग ते मला त्यांच्या जुन्या सेठजींकडे घेऊन गेले. ओळख एका वाक्यात झाली: "हमारे मोहल्ले की बेटी है, कॉलेज में पढ़ाती है, इसकी जिम्मेदारी मेरी।" त्या शेवटच्या तीन शब्दांनी मला बसायला जागा मिळाली. उद्या मी काही उलटसुलट केले असते तर त्याचा जाब मुनीमजींना द्यावा लागला असता, आणि हे तिथल्या प्रत्येकाला न सांगता समजले होते. जो प्रश्न घेऊन मी आले होते त्याचे पहिले उत्तर मला माझ्याच प्रवेशातून मिळाले.

पुढे मी त्या पेढीवर बसत राहिले. चपला खाली काढायच्या, पांढऱ्या गादीच्या कडेला बसायचे, लोडाला टेकायचे नाही, कारण लोड सेठजींच्या बरोबरीच्या माणसासाठी. गल्ल्याच्या दिशेने पाय करायचे नाहीत. सकाळी अगरबत्ती होईपर्यंत पैशाचे बोलणे काढायचे नाही. हे नियम कुणी सांगितले नाहीत. इतर कसे बसतात ते पाहून मी उचलले. वहीत दिवसभर फार थोडे लिहायची, आणि घरी गेल्यावर रात्री सगळे आठवून उतरवायची. या रात्रीच्या नोंदी हेच माझे खरे साहित्य. पाहुण्याला चहा किती लवकर येतो, कोणाला "बैठो" म्हणतात आणि कोणाला "पधारो", फोनवर बोलताना सेठजी उठून बाहेर कधी जातात, कोणत्या दलालाचा नमुना उघडूनही पाहिला जात नाही, अशा गोष्टी. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये मांडले होते की अशा बाजारात सर्वात दुर्मीळ वस्तू म्हणजे माहिती. ती महाग असते, विषम वाटलेली असते, आणि म्हणूनच माणसे रोज नवा विक्रेता न शोधता ठरलेल्या माणसाशी नाते धरून ठेवतात. वर्गात हे मी नेहमी शिकवत आले. पेढीवर ते चालताना पाहणे वेगळे होते. दलाल येतो तेव्हा कापडाचा नमुना हातात असतो, आणि तोंडात अमक्या गावच्या पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, तगादा लांबल्याची खबर असते. त्याला चहा मिळतो तो बहुधा या दुसऱ्या गोष्टीसाठी.

याच खबरींमुळे माझी कसोटीही लागली. मी एकाहून अधिक पेढ्यांवर बसते हे कळल्यावर लोक सहज विचारल्यासारखे विचारू लागले. सामने वाले के यहाँ क्या भाव चल रहा है? उनका सूरत का माल आ गया क्या? एकाने तर थेट विचारले की शेजाऱ्याची दिवाळीनंतरची वसुली झाली का. मी दरवेळी एवढेच म्हणाले, "सेठजी, तिथलं इथे सांगितलं तर इथलं तिथे सांगेन." पहिल्यांदा चेहरे थोडे उतरले. पण ही गोष्ट मार्केटभर फिरली, आणि त्यानंतर जी माणसे माझ्यासमोर फोन घेऊन बाहेर जात ती बाहेर जायची थांबली. संशोधनाच्या नीतीवर आम्ही विद्यार्थ्यांना गोपनीयतेची संमतिपत्रे भरायला शिकवतो, आणि ती हवीतच. पण बाजार तुमचे संमतिपत्र वाचत नाही. तुम्ही गप्प राहू शकता का, एवढे तो बघतो. मी नोंदींत कोणाच्याही उधारीचा आकडा लिहिला नाही, दुकानांची नावे पहिल्याच दिवसापासून सांकेतिक ठेवली, आणि हे मुनीमजींना दाखवूनही ठेवले.

जुन्या हुंड्या पाहायला मिळाल्या त्या या काळात. सेठजींच्या घरच्या एका पेटीत त्यांच्या आजोबांच्या वेळच्या काही जपून ठेवल्या होत्या. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे द्यायचे, मुद्दती म्हणजे ठरल्या मुदतीनंतर, हे मला वाचून माहीत होते. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे, म्हणजे उधारी आणि विमा एकाच कागदात. पण मला धरून ठेवले ते शाहजोग हुंडीने. या हुंडीचे पैसे कोणालाही देता येत नाहीत. ते फक्त "शाह"ला द्यायचे, म्हणजे बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे, जो ओळखीचा आणि भरवशाचा आहे अशा व्यापाऱ्याला. कागद चोरीला गेला, चुकीच्या हाती पडला, तरी प्रतिष्ठित माणूस मध्ये असल्यामुळे रक्कम वसूल करता येते. माणसाची बाजारातली किंमत ही इथे व्यवहाराची अट म्हणून लिहिलेली आहे! १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने देशी भाषांतल्या अशा कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना पहिल्याच कलमात बाजूला ठेवून संरक्षण दिले, ते उगाच नव्हे. कायदा करणाऱ्यांनाही दिसले असणार की या कागदामागे उभा असलेला समाज कायद्यात बसवणे अवघड आहे. आर्थिक व्यवहार सामाजिक नात्यांत रुजलेले असतात, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९८५ मध्ये मांडलेले सूत्र आज जगभर शिकवले जाते. आपल्या पेट्यांमध्ये त्याचे पुरावे कापडात बांधून पडले आहेत आणि ते वाचू शकणारी, मोडी-महाजनी लिप्या जाणणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिवाळीआधीच्या पुष्य नक्षत्रावर बह्या, म्हणजे हिशोबाच्या वह्या, घ्यायची इंदूरची पद्धत तुम्हाला माहीत असेल. त्या दिवशी सराफ्यात सोन्याला गर्दी असते, आणि व्यापारी लाल कापडाच्या बह्यांची मागणी नोंदवतात. आता हिशोब संगणकावर आहेत, जीएसटीचे विवरणपत्र भरायला सीए आहे, तरी बही येते. लक्ष्मीपूजनाला तिच्या पहिल्या पानावर श्री लिहिले जाते आणि संगणकाच्या पडद्यालाही कुंकवाचे स्वस्तिक लागते. या बहीत वर्षभर काहीच लिहीत नसाल तर ती कशाला, असे मी एका तरुण व्यापाऱ्याला विचारले. तो म्हणाला, त्याच्या वडिलांच्या हातची यादी तिच्यात असते, कोणाला माल कधीच नाही म्हणायचे नाही त्यांची. संगणकात ती यादी नाही. या उत्तरावर मी प्रबंधाचे एक पूर्ण प्रकरण लिहिले.

सराफ्याचे काम वेगळ्याच वेळापत्रकावर चालले. दिवसा दागिने, आणि दुकानांची दारे ओढली की त्याच ओट्यांसमोर भुट्टे का कीस, खोपरा पॅटीस, थंडीत गराडू, मालपुवा, जलेबा. बाहेरगावचा माणूस इथे खायला येतो. मी ओटे पाहायला जायची. रात्री ओट्यासमोरची जागा कोणाची, हे ठरते कसे? काही ठिकाणी भाडे आहे, काही ठिकाणी दोन-तीन पिढ्यांपूर्वी दिलेला शब्द, त्यावर कागद नाही. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली की सोन्याच्या दुकानांना आपोआप राखण मिळते, असे सराफ सांगतात. खाद्यवाले सांगतात की सकाळी ओटा धुऊन द्यायचा ही त्यांची बाजू. मी त्या धुण्याच्या वेळी जाऊन थांबले आहे. जो ओटा नीट धुतला गेला नाही, त्याच्या मालकाने काही बोलायची गरज नसते, शेजारचा खाद्यवालाच बोलतो. एकाच्या चुकीने सगळ्या ओळीचा शब्द जाऊ शकतो हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

संशोधनाचा सर्वात जड भाग मात्र या झगमगाटापासून दूर, परदेशीपुरा आणि पाटनीपुऱ्याच्या किराणा दुकानांत झाला. गिरण्या चालू असताना कामगारांच्या घरी महिनाभराचा किराणा उधारीवर जायचा आणि पगाराच्या दिवशी वही पुसली जायची. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि पगाराचा दिवस गेला. वह्या मात्र तशाच राहिल्या. कामगारांच्या थकीत रकमेचा प्रश्न पुढे तीन दशके कोर्टात राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपये ४,८०० च्या आसपास कामगारांसाठी देण्यात आले. यातले कितीतरी जण तोवर हयात नव्हते, पैसे वारसांना मिळाले. एका वृद्ध किराणा व्यापाऱ्याकडे ती जुनी वही अजून आहे. मिल बंद झाल्यानंतरही त्यांनी काही घरांना बराच काळ धान्य दिले, काहींना नाही दिले. कोणाला दिले आणि का, हे मी विचारले. ज्या घरची बाई दर महिन्याला येऊन "या महिन्याला जमणार नाही" असे तोंडावर सांगून जायची, तिला दिले. जे गल्ली बदलून जायचे, त्यांना नाही. पैसे देण्याची ताकद दोघांचीही सारखीच होती, म्हणजे नव्हती. रक्कम मिळाल्यानंतर काहींची मुले जुनी बाकी द्यायला आली. व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडून व्याज घेतले नाही. काही आलीच नाहीत. त्यांच्याबद्दलही ते वाईट बोलले नाहीत, फक्त नाव वाचून पान उलटले. माझ्या सगळ्या नोंदींत इतकी स्पष्ट साक्ष दुसरी नाही: साख श्रीमंतांची मालमत्ता नाही. गिरणी कामगाराच्या घरच्या बाईची साख तिच्या तोंडावर येऊन सांगण्यात होती, आणि तिच्यावर तिच्या मुलांचे जेवण चालले.

नोंदी लावून अर्थ काढायच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते कंटाळवाणे, पण आवश्यक असते. प्रत्येक प्रसंगाला खुणा करायच्या, सारखे प्रसंग एकत्र आणायचे, आपल्या तर्काला खोटे पाडणारा प्रसंग मुद्दाम शोधायचा. माझ्या तर्काला सर्वात मोठा धक्का तरुण पिढीने दिला. त्यांचे व्हॉट्सॲप गट आहेत. कोणी पार्टी पैसे बुडवून गेली की तिचे नाव आणि जीएसटी क्रमांक काही मिनिटांत सगळीकडे जातो. पूर्वी ही खबर दलाल चहाबरोबर आणायचा, तिच्यात "पण त्याच्या घरी आजारपण आहे" ही पुस्ती जोडलेली असायची. गटावर ती पुस्ती जात नाही. त्यामुळे आता साख वेगाने जाते आणि परत मिळवायला जुना मार्ग उरलेला नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला तेव्हा कापड व्यापाऱ्यांनी विरोध केला, त्याचे कारण सगळे कराचे मानतात. मुलाखतींत मला दुसरेही ऐकू आले: बिलावर सगळे लिहिले गेले की समजून घ्यायला जागा राहत नाही. मला हे म्हणणे पूर्ण पटलेले नाही. त्या न लिहिलेल्या जागेत छोट्या कारागिराची पिळवणूकही होत आली आहे, आणि मी ते लिहिले आहे.

छापायच्या आधी मी निष्कर्षांचा हिंदी सारांश करून पेढीवर वाचून दाखवला. मुनीमजी होते, सेठजी होते, शेजारचे दोघे-तिघे होते. "या बाजाराचा पाया परस्परविश्वास आहे" या वाक्यावर सेठजींनी हात वर केला. "बेनजी, ये काट दो। विश्वास तो उस पर होता है जिसको आदमी जानता नहीं। हम तो जानते हैं। किसका बाप कैसा था, किसकी बहू किस घर की है, कौन कब रोया। इसमें विश्वास कहाँ आया, ये तो हिसाब है।" शेजारचे लगेच त्यांच्याशी भांडले. एक म्हणाले, हिशोबच असता तर फसवणूक झालीच नसती, आणि फसलो तर आपण सगळेच आहोत. वाद बराच चालला. मुनीमजी मध्ये पडले नाहीत, त्यांनी फक्त मला खुणावले की लिहून घे.

ते वाक्य मी काढलेले नाही. त्याखाली सेठजींचा आक्षेप आणि शेजाऱ्यांचे उत्तर जसेच्या तसे घातले आहे, त्यांच्या संमतीने आणि नावे न देता. सध्या तिसरे प्रकरण त्या वादाच्या आधारे पुन्हा लिहिते आहे. आणि मुनीमजींच्या ओळखीने सियागंजच्या एका किराणा दलालाबरोबर फिरायला सुरुवात केली आहे, कारण सुक्या मेव्याच्या आणि मसाल्याच्या बाजारात माल परगावचा आणि पार्टी अनोळखी असते. "आम्हाला माहीत असतं" हे सेठजींचे म्हणणे तिथे किती टिकते, ते मला पाहायचे आहे.